५४१ स्क्वाड्रनचा ठिपका

जर्मनीच्या पश्चिम भागात बऱ्याच ठिकाणी घराचा पाया खणायचा तर आधी त्या जागेचे युद्धकाळातले हवाई फोटो तपासून घ्यावे लागतात. खाली न फुटलेला बॉम्ब असू शकतो. ही तपासणी माझं काम. आईच्या मते मी दिवसभर नुसते फोटो बघते, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नाही.

गेल्या हिवाळ्यात डॉर्टमुंडजवळच्या एका प्लॉटची फाइल आली. १२ मार्च १९४५ ला डॉर्टमुंडवर ब्रिटिशांची अकराशेहून जास्त बॉम्बर विमानं आली होती, त्यामुळे आसपास खड्ड्यांना तोटा नव्हता. पण मोठे खड्डे फुटलेल्या बॉम्बचे. त्यांची भीती नाही. भीती असते ती बारीक काळ्या ठिपक्याची. बॉम्ब आत गेला, पण फुटला नाही.

हल्ल्यानंतरच्या फोटोंच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत तारीख होती, ३६ इंची (म्हणजे तेवढ्या नाभीय अंतराचं) भिंग आणि ५४१ स्क्वाड्रन. इंग्लंडात बेन्सनला ऑक्टोबर १९४२ मध्ये उभी राहिलेली ही टेहळणी तुकडी. तिची स्पिटफायर विमानं निळी रंगवलेली. तोफा, मशिनगन काढून पंखांत जादा पेट्रोल भरलेलं, धडात कॅमेरे. शस्त्र नको, वेग आणि उंची हवी, हे लाँगबॉटम नावाच्या अधिकाऱ्याने ऑगस्ट १९३९ मध्येच लिहून दिलं होतं. तरी सुरुवातीला संथ ब्लेनहाइम विमानं पाठवून वायुदलाने पुष्कळ माणसं गमावली.

स्पिटफायरमध्ये वैमानिक एकटाच. विमान उघडं पाडणारा पांढरा पट्टा मागे आकाशात उमटतोय का, हे तो आरशात बघत राही; उमटला तर उंची बदले. पण कॅमेरे सुरू झाले की वळायची सोय नाही. एका फोटोतला साधारण साठ टक्के भाग पुढच्या फोटोत यायला हवा, म्हणजे नाकासमोर सरळ उडायचं, खालून तोफा धडधडत असल्या तरी. माझा पगार त्या सरळ रेषेवर निघतो.

तीस हजार फुटांवरून ३६ इंची भिंगाने टिपलं की प्रमाण येतं एकास दहा हजार. फोटोवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. अर्ध्या मीटरचं भोक त्यात किती उरणार, करा हिशेब!

प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात, सफरचंदाच्या झाडांच्या रांगेशेजारी, तसा एक ठिपका होता. फिल्मवरची धूळ असती तर एकाच फोटोत दिसली असती. हा लगतच्या दोन्ही फोटोंत त्याच जागी होता. झुडूप म्हणावं तर झाडांसारखी बाजूला पडलेली सावली नव्हती. शेवटी हल्ल्याआधीचे जुने फोटो बाहेर काढले. तिथे कोपरा स्वच्छ. सहकाऱ्याला काही न सांगता हल्ल्यानंतरच्या त्या दोन फोटोंची जोडी दाखवली, तर त्याचं बोट नेमकं तिथेच थांबलं. संशयित जागा म्हणून अहवाल गेला.

बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाने तिथे बोअर घेऊन मोजणी केली, मग खणलं. जवळजवळ पाच मीटरवर अडीचशे किलोचा ब्रिटिश बॉम्ब, फ्यूजसकट. दुपारी आसपासची घरं रिकामी केली, संध्याकाळी फ्यूज काढला.

त्याच जोडीत पलीकडच्या शेतात आणखी दोन ठिपके आहेत. ती जमीन आमच्या फाइलच्या हद्दीबाहेरची, पण पथकाला कळवलंय. शेतमालक खूश नाही.