चहापेक्षा किटली गरम

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत एक यंत्र आहे. त्याला दोन बटणं : एक चहाचं, एक कॉफीचं. दोन्हींतून जे येतं ते तपकिरी असतं, गरम असतं आणि त्याला वेलचीचा वास असतो. कॉफीलासुद्धा. आतली नळी एकच असावी. चार वर्षं मी बटण दाबतोय, पितोय आणि गुपचूप जागेवर येऊन बसतोय. यंत्र कधी नाही म्हणालं नाही, मीही नाही.

म्हणूनच ४१८ची गोष्ट कळली तेव्हा मी त्या किटलीच्या प्रेमात पडलो.

आपण इंटरनेटवर एखादं पान उघडायला गेलो की समोरचा सर्व्हर, म्हणजे ते पान पुरवणारा कॉम्प्युटर, आधी तीन आकड्यांत उत्तर देतो. २०० म्हणजे घे बाबा. ४०३ म्हणजे तुला आत यायची परवानगी नाही. ४०४ सगळ्यांच्या ओळखीचा : असलं काही इथे नाही. आणि ४१८ म्हणजे 'मी किटली आहे'.

१ एप्रिल १९९८ला लॅरी मॅसिंटर या इंजिनिअरने इंटरनेटवरून कॉफीची भांडी चालवायचे नियम लिहिले. इंटरनेटची खरी मानकं ज्या मालिकेत निघतात तिच्यातच, २३२४ क्रमांकाने, ते प्रसिद्ध झाले. तारीखच सांगते की ही थट्टा आहे, पण भाषा अगदी सरकारी परिपत्रकाची. कॉफी करण्याच्या आज्ञेचं नाव 'ब्रू'. दूध ओतणाऱ्याला 'बास' म्हणायला 'व्हेन' नावाची वेगळी आज्ञा. आपण पंगतीत वाढप्यापुढे पानावर हात आडवा धरतो, तीच. वरून काय घालायचं त्या यादीत व्हिस्की आणि रमही आहे. डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, मात्र मुद्दाम ठेवलेली नाही, कारण मग उपयोगच काय! आणि किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ म्हणावं.

मूळ शब्द 'टीपॉट' आहे. आपल्याकडे टीपॉट लग्नात आहेरात येतो आणि शोकेसमध्येच म्हातारा होतो. चहा होतो पातेल्यात. तरी मी किटलीच म्हणणार. 'चहापेक्षा किटली गरम' म्हणणाऱ्या लोकांना हिचा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कॉफीचं भांडं तारेला जोडायची कल्पना तशी हवेतली नव्हतीच. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात १९९१मध्ये एका कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून बसवला होता. दुसऱ्या मजल्यांवरचे लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं. तेवढी पायपीट वाचावी म्हणून मिनिटाला तीनेक कृष्णधवल चित्रं. १९९३मध्ये ती वेबवर आली आणि अर्धी किंवा रिकामी कॉफी बघायला जगभरातून लोक लोटले. जगातला पहिला वेबकॅम जन्मला तो असा, निव्वळ आळसातून. २००१मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा तिथलं शेवटचं, बिघडलेलं यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं.

किटलीचं नशीब आणखी बलवत्तर. गंमत म्हणून प्रोग्रामरांनी ४१८ इतक्या ठिकाणी घालून ठेवला की २०१७मध्ये शिस्तीच्या माणसांनी तो काढायचा प्रस्ताव मांडला. एका शाळकरी मुलाने 'किटली वाचवा' म्हणून मोहीम काढली आणि किटली वाचली. २०२२च्या अधिकृत मानकात ४१८ राखीव आहे, का तर थट्टेने आधीच रुमाल टाकून ठेवलाय. एसटीतल्या जागेचा न्याय, दुसरं काय?

परवा मी एका कागदावर ठळक '४१८' लिहून आमच्या यंत्रावर चिकटवलं. म्हटलं, त्याच्या वतीने कुणीतरी खरं बोलावं. पँट्रीतले मामा चष्मा वर करून बघत राहिले, काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी कॉफी घ्यायला गेलो, तर खाली निळ्या पेनाने लिहिलेलं : 'हे एक्स्टेंशन लागत नाही. बरोबर नंबर टाका.'