परसातला वाळा: माझा अनुभव

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरउतारावर आहे. न्हाणीचे आणि पावळीचे (छपरावरून गळणारे) पाणी परसाच्या ज्या खालच्या अंगाला उतरते, तिथली माती दर पावसाळ्यात वाहून जाऊन खालचा जांभा उघडा पडू लागला होता. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात नुसता गडगा (दगडांचा बांध) घालून भागत नाही. पाण्याला वाट राहिली नाही तर गडगाच ढासळतो. म्हणून तिथे वाळा, म्हणजे खस हे सुगंधी मुळांचे गवत, लावायचे ठरवले.

लागवडीचा वाळा ठोंबांपासूनच, म्हणजे मुळांसकट वेगळ्या केलेल्या फुटव्यांपासूनच, वाढवतात. जुने बेट फोडून मिळालेल्या ठोंबांची पाने आणि मुळे छाटली आणि पाऊस स्थिरावल्यावर, थोडे शेणखत घालून, उताराला आडव्या ओळीत ते वीतभर अंतरावर लावले. अंतर याहून वाढवले, तर दोन बेटांमधल्या फटीतून पाणी जोराने धावते आणि लावण्याचा हेतूच फसतो. वाळ्याला ऊन भरपूर लागते. फणसाच्या सावलीतले ठोंब खुरटेच राहिले, तेव्हा तिथे नांग्या (रिकाम्या जागा) भरण्याचा हट्ट मी धरला नाही.

वाळ्याला देखभाल लागत नाही असे म्हणतात, ते पहिल्या वर्षाला लागू नाही. तण काढणे, मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावणे, दिवाळीनंतर अधूनमधून पाणी देणे आणि कोवळी पाने गुरांपासून राखणे, एवढे करावेच लागते. एकदा बेटे एकमेकांना भिडली, की पाण्याचा वेग ओळीपाशी मंदावतो, गाळ मागे बसतो आणि मुळे आडवी न पसरता सरळ खाली जात असल्याने शेजारच्या झाडांना फारसा उपद्रव होत नाही. आता पावसाळ्याआधी पाने गुडघाभर उंचीवर कापून माडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घालतो. काम उरते ते एवढेच.

सुगंध मात्र मुळांत असतो, आणि मुळांसाठी बेट उपटले तर धरून ठेवलेली मातीच सुटते. त्यामुळे उतारावरची ओळ न उपटण्यासाठीच आहे, असे मी घरच्यांना बजावून ठेवले आहे. पिण्याच्या पाण्यात टाकायच्या मुळांसाठी काही ठोंब वाळूमिश्रित मातीच्या गोणत्यांत वेगळे लावले. दीडेक वर्षाने गोणते फाडले की मुळे न तुटता निघतात. ती स्वच्छ धुऊन सावलीतच वाळवावीत, कारण कडक उन्हात सुगंधी तेल उडून जाते.