आमची वाटचाल : डिप्परची रेघ

शिवाजी उद्यमनगरात आमच्या हेडलाइटच्या दुकानात येणारं नवीन गिऱ्हाईक आधी मागच्या भिंतीकडे बघतं. भिंत पांढरी. तिच्यावर दोन खाचांत वरखाली सरकणारी आडवी काळी पट्टी, मधोमध उभी रेघ, आणि समोर बरोबर दहा मीटरवर जमिनीत बसवलेला लोखंडी अँगल. गाडीचं तोंड त्या अँगलवर आणायचं, दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजायची, पट्टी त्याच्या दहा सेंटिमीटर खाली आणायची आणि डिप्पर, म्हणजे खाली झुकलेला झोत, लावायचा. दिव्याची रेघ, म्हणजे उजेडाची वरची कड, पट्टीवर बसली तर काम झालं. नाही बसली तर गाडी दुकानाबाहेर जात नाही, मालक कितीही घाईत असो.

बाजूला एक लाकडी खांब आहे. दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या अंगापासून अर्धा मीटर बाहेर, आणि त्याच्यावर दीड मीटर उंचीला पांढरा ठिपका. ही मापं माझी नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ आहे. त्या ठिपक्याच्या जागी डोळे असलेल्या माणसाला तुमचा डिप्पर दिपवता कामा नये, एवढंच तो सांगतो. मी स्वतः तिथं डोळे लावून उभा राहतो. माझ्याकडे काम शिकलेल्या प्रत्येक पोराला उभं केलंय.

समोरच्या दुकानाच्या पाटीवर ‘कोल्हापुरातले पहिले प्रोजेक्टर’ असं लिहिलेलं आहे. प्रोजेक्टर म्हणजे पुढं भिंग असलेला हेडलाइटचा दिवा. ती पाटी मी रोज सकाळी शटर उघडताना वाचतो. म्हणून एकदा सगळं सांगतोच.

२००३ साली आम्ही दोघांनी सुरुवात केली. दोघंही आयटीआयचे, दोघंही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली राबलेले. पहिली कामं रिले वायरिंगची. लोक यायचे आणि म्हणायचे, लाइट मारत नाही, नव्वद-शंभर वॅटचा बल्ब टाका. आम्ही आधी मीटर लावायचो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि होल्डरवर साडेअकरा! मधले सव्वादोन व्होल्ट त्या केसासारख्या बारीक वायरीत आणि स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये जायचे. व्होल्टेज थोडं पडलं की हॉलोजनचा उजेड धाडकन पडतो; दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड तीस टक्के कमी. म्हणजे जवळपास निम्मा उजेड वायरीतच मुरत होता. बॅटरीवरून जाड वायर ओढायची, दोन रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला सोडणारे स्विच), एक फ्यूज, चांगलं अर्थिंग. तोच साठ-पंचावन्नचा बल्ब पेटवला की गिऱ्हाईक हरखून जायचं. माझं आजही सांगणं आहे की बल्ब बदलण्याआधी होल्डरवर मीटर लावा. मोठ्या वॅटचा बल्ब टाकून होल्डर वितळवू नका आणि रिफ्लेक्टरची चांदी जाळू नका.

भागीदाराचा हात फार चांगला होता, हे मी कधी नाकारणार नाही. त्याचं सोल्डरिंग मी आजही शंभर गाड्यांत ओळखीन.

डॉक्टर २००७ साली आले. सांगलीचे. बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढून परतताना त्यांनी आपली पोर्शे बॉक्सटर बरोबर आणली होती, पहिल्या पिढीतली, ९८६. तिचे हेडलाइट ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको: डिप्पर, अप्पर आणि पिवळा इंडिकेटर सगळं एकाच काचेत, पसरलेल्या हाफ-फ्रायसारखं. जगभरच्या पोर्शेवाल्यांनी या दिव्याला नावं ठेवली. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण तो काढायला समोरून एकही स्क्रू लागत नाही. पुढच्या डिकीतला गालिचा उचलायचा, आतल्या भोकात गाडीबरोबर आलेला पाना घालून फिरवायचा, कुलूप उघडल्यासारखा आवाज येतो आणि अख्खा दिवा पुढं सरकून हातात येतो. ज्यानं हे डोक्यातून काढलं त्याला मेकॅनिकच्या बोटांची काळजी होती.

डॉक्टरांची तक्रार साधी होती. “समोरचा प्रत्येक माणूस मला अप्पर मारतो. मी तर डिप्परवरच असतो.”

गाळपाच्या हंगामात रात्री घरी जाताना त्यांना उसाची ट्रॉली दिसली नव्हती. मागं ना दिवा, ना लाल कापड. शेवटच्या क्षणी स्टिअरिंग ओढलं, माणूस वाचला, गाडी वाचली, पण बाहेर आलेल्या उसांनी उजवा हेडलाइट फोडला. अमेरिकेतल्या नातेवाइकानं तिकडून वापरलेला दिवा पाठवला. दिसायला हुबेहूब. कुणीतरी बसवून दिला.

आम्ही गाडी भिंतीसमोर लावली. तेव्हा पट्टी नव्हती, खडूची रेघ होती. डाव्या दिव्याची रेघ मधोमधपर्यंत सरळ आणि तिथून डावीकडे वर चढलेली. आपण डावीकडून चालतो, त्यामुळं डाव्या कडेचा माणूस, सायकल, मैलाचा दगड दिसावा म्हणून तिकडं उजेड वर सोडतात आणि उजवीकडे समोरच्याच्या डोळ्यांसाठी खाली कापतात. उजव्या दिव्याची रेघ मात्र उजवीकडे वर चढली होती. बरोबरच होतं, अमेरिका उजवीकडून चालते. दोन्ही दिवे एकदम लावले की मध्ये दरी आणि दोन्हीकडे डोंगर. त्यातला उजवा डोंगर थेट समोरच्याच्या डोळ्यांत. त्या रात्री मी डॉक्टरांची गाडी समोरून येताना मुद्दाम रस्त्यावर उभं राहून बघितली. दोन मिनिटं मला काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी इंग्लंडहून बरोबर दिवा मागवला, आम्ही बसवला, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र ती दरी गेली नाही.

आता २००९. प्रोजेक्टरची हवा सुरू झाली होती. आम्ही कर्ज काढलं. पतसंस्थेचं एक, आणि उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या. दोन लाख चाळीस हजार रुपयांत बाहेरगावच्या पुरवठादाराकडून प्रोजेक्टरच्या चाळीस जोड्या मागवल्या, पैसे आगाऊ. खोकी आली त्या संध्याकाळी आम्ही पेढे वाटले. रात्री पहिली जोडी बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून भिंतीवर धरली, आणि रेघ उजवीकडे वर चढली.

मी दुसरी जोडी उघडली. तिसरी. दहावी. चाळीसच्या चाळीस उजवीकडून चालणाऱ्या देशांच्या.

पुरवठादार फोनवर म्हणाला, माल परत घेत नाही, जरा फिरवून बसवा. प्रोजेक्टर फिरवून बसवता येत नाही. फिरवला की आडवी रेघच तिरकी होते. मग शेजारच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. प्रोजेक्टरच्या पोटात, आरसा आणि भिंग यांच्या मध्ये, पत्र्याचा पडदा असतो. त्या पडद्याच्या वरच्या कडेचीच सावली म्हणजे भिंतीवरची रेघ. मामांनी तीन रात्री बसून नवीन पडदे कापले, कड घासली, काळी केली. रेघ डावीकडे चढली खरी, पण तिची धार गेली, निळं-तांबडं फाटायला लागलं, आणि आरशाचाही तिरपा झोत उजवीकडेच पडायचा. आरसा मूळचाच त्या बाजूसाठी ओतलेला. मामांनी तीन रात्रींचे पैसे घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी भागीदार म्हणाला, “कुणाला कळतंय रे? गिऱ्हाइकाला फकाफक उजेड पाहिजे. बसवून टाकू.”

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, कर्ज तू एकट्यानं फेडणार का? मी हो म्हणालो. रागात म्हणालो, पण म्हणालो. दिवाळीच्या आत त्यानं आपला हिस्सा मागितला आणि पाडव्याला रस्त्याच्या पलीकडे शटर उघडलं. पुरवठादार तोच, माल तोच. फरक एवढाच की तो बसवत होता. पुढं त्यानं साध्या रिफ्लेक्टरमध्ये निळे झेनॉन बल्बही, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या ठिणगीवर पेटणारे, घालायला सुरुवात केली. हे बल्ब कुणीही रिफ्लेक्टरमध्ये घालू नयेत. रिफ्लेक्टरची प्रत्येक घडी हॉलोजनच्या तारेची जागा धरून केलेली असते. झेनॉनची ठिणगी वेगळ्या जागी पेटते, आणि दुप्पट उजेड वाट फुटेल तिकडं सांडतो. निळा रंग तर शुद्ध तोटा आहे. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसा तो निळा होतो; कंपन्या ४३०० केल्व्हिन देतात त्याला कारण आहे. आठ हजारचा बल्ब दिसतो झगझगीत, पण पावसात ओल्या डांबरावर काही दाखवत नाही. आंबोलीच्या धुक्यात एकदा बघा.

गिऱ्हाईक तिकडं गेलं. माझ्या दारात गाडी थांबवून लोक म्हणायचे, तुमचा लाइट मवाळ आहे. दोन वर्षं मी रात्री गॅरेजच्या बॅटऱ्या चार्ज करून हप्ते भरले. सोडवलेल्या पाटल्या पुन्हा एकदा ठेवल्या. ते चेष्टेचं हसणं, ती पाटी, आणि आमच्याच जुन्या गिऱ्हाइकांना ‘तो फक्त वायरमन आहे’ असं सांगणं, हे मी विसरलेलो नाही.

२०११ च्या उन्हाळ्यात डॉक्टर पुन्हा आले. बॉक्सटरचे दोन्ही दिवे पिवळे पडले होते, डिप्पर अंधूक झाला होता. म्हणाले, पुन्हा ट्रॉलीखाली जायचं नाही, काय करायचं ते नीट कर. आणि मी मागायच्या आधी सगळे पैसे टेबलावर ठेवले. मी म्हणालो, काम झाल्यावर द्या. ते म्हणाले, “मला माहीत आहे तुझे दिवस. पेशंटला आगाऊ विचारायचं नसतं.”

त्या कामावर मी एकवीस दिवस घालवले. बुटक्या गाडीचं दुखणं आधी समजून घ्या. तिच्या दिव्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम साठ सेंटिमीटरवर. एक टक्का उतार, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर, धरला की डिप्परची रेघ साठ मीटरवर जमिनीला टेकते. उंच जीपचा दिवा नव्वद सेंटिमीटरवर असतो, तिला नव्वद मीटर मिळतात. ताशी ऐंशीनं ते साठ मीटर पावणेतीन सेकंदांत संपतात. म्हणून वेगवान गाडीवाला वैतागून दिवा वर उचलतो, आणि तिथंच चुकतो. रेघ उचलायची नसते. रेघेच्या खालचा उजेड घट्ट करायचा असतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन फेऱ्या मारून जपानी गाड्यांतून निघालेले बाय-झेनॉन प्रोजेक्टर, म्हणजे एकाच झेनॉन बल्बवर डिप्पर आणि अप्पर दोन्ही देणारे, शोधले. जपानही डावीकडून चालतं. दुकानदारासमोर बॅटरी लावून रेघ बघितली, मगच पैसे दिले. दिवा उघडायला ओव्हन लागतो. आमचा ओव्हन एका बंद पडलेल्या खारी-टोस्टच्या बेकरीतून आणलेला, अजून तोच आहे. शंभर अंशाच्या आसपास, लाकडी फळीवर, वर ओला नव्हे तर कोरडा सुती पंचा. सांध्यातला काळा डिंक नरम पडला की नायलॉनच्या पट्ट्यांनी कोपऱ्यातून सुरुवात. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर काच चरते, आणि घाई केली तर हाउसिंगचे कान तुटतात. पहिला दिवा चार वेळा ओव्हनमध्ये गेला.

जुना एच७ या हॉलोजन बल्बचा प्रोजेक्टर काढून नवीन बसवायला मामांनी ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा कातल्या. रिंग जागेवर घट्ट करायच्या आधी दिवा पेटवून भिंतीवर रेघ आडवी करावी लागते. केसभर फिरली की दहा मीटरवर तळहाताएवढा फरक पडतो. बंद करताना बाजारातलं आंबूस वासाचं सिलिकॉन वापरलं नाही. त्याची वाफ आतल्या चांदीवर बसते आणि दिवा कायमचा धुरकट होतो. डिंकाची दोरी मुंबईहून येईपर्यंत पाच दिवस दिवे फडक्यात गुंडाळून ठेवले. पंचावन्न वॅटचा हॉलोजन दीड हजार ल्यूमेन देतो, पस्तीस वॅटचा डी२एस हा झेनॉन बल्ब बत्तीसशे. युरोपात दोन हजारांच्या वर गेलं की काच धुणारा फवारा आणि आपोआप पातळी धरणारी यंत्रणा लागते. डॉक्टरांच्या गाडीत दोन्ही नव्हतं, म्हणून काच रोज पुसायची आणि शेजारी माणूस बसला, सामान भरलं की पातळी हातानं तपासून घ्यायची, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

मध्यरात्री भिंतीवर पहिल्यांदा डिप्पर लावला. वर काळोख, खाली पांढरा उजेड, मध्ये सुरीनं कापल्यासारखी धार. डॉक्टर खांबापाशी जाऊन ठिपक्यावर डोळे लावून उभे राहिले, बराच वेळ. मग मी अप्पर मारला, आतला पडदा टक्‌ करून पडला आणि अख्खी भिंत उजळली. कोल्हापुरात रीतसर, डावीकडे चढणारी रेघ असलेला प्रोजेक्टर बसला तो त्या रात्री. पाटी कुणाचीही असो.

डॉक्टरांनी सांगली-मिरजेतले गाडीवाले पाठवले, त्यांनी गोव्याचे पाठवले. कर्ज फिटलं, पाटल्या घरी आल्या. पुढची सात-आठ वर्षं बरी गेली.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही असा निकाल दिला. तेव्हापासून आम्ही रस्त्यावरच्या गाड्यांत प्रोजेक्टर बदलणं थांबवलं आणि कंपनीचा मूळ दिवा पुन्हा नव्यासारखा करून देण्यावर आलो. पिवळी काच आठशेच्या पेपरनं सुरू करून तीन हजारापर्यंत घासायची आणि वर अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट मारायचा. नुसतं पॉलिश करून देणारे बरेच आहेत. त्यांची काच एका उन्हाळ्यात परत पिवळी पडते, कारण मूळ थर त्यांनी घासून काढलेला असतो आणि नवा दिलेला नसतो. डॉक्टरांच्या गाडीतही मूळ एच७ परत बसवला, चांगल्या वायरिंगवर. त्यांनी एका शब्दानं कुरकूर केली नाही. ते प्रोजेक्टर माझ्या कपाटात आहेत.

आणि ती चाळीस जोड्यांची खोकी माळ्यावर आहेत. एकही विकली नाही. दुबईतल्या एका ओळखीच्यानं मागितल्या होत्या, तिकडं त्या चालल्याही असत्या, पण तोवर माझं मन त्यात गुंतलं होतं. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्याला शिडीवर चढवतो, एक जोडी खाली आणायला लावतो, बॅटरीला जोडून भिंतीवर धरायला सांगतो आणि विचारतो, “हा दिवा कुठल्या बाजूनं चालणाऱ्या देशाचा?” जो बघून सांगतो त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगची गन देतो.