पाण्यात ऑइल आलं म्हणून लगेच हेड उतरवू नका

आपल्याकडं हे ठरलेलंच आहे, रेडिएटरचं झाकण काढलं अन् आत कॉफीच्या रंगाचा चिकट गाळ दिसला की मिस्त्री म्हणणार हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलं, हेड उतरवावं लागतंय. लातूरला दाजींच्या डिझेल गाडीला पण हेच सांगितलं, अन् खर्चाचा आकडा ऐकून ताईचं तोंडच उतरलं. मला याचा खरंच राग येतो, कारण हेड उतरवायच्या आधी तपासण्यासारखं लई काही असतंय.

आधी ते ऑइलच आहे का ते बघा. दोन वेगळ्या जातीचे कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते) एकत्र झाले, त्यात वरून बोअरचं पाणी ओतलेलं, तरी असाच तपकिरी गाळ होतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा (४२ डिग्रीच्या उन्हात तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर अंगावर उकळतं पाणी येतं, हे लहान पोरालाही सांगून ठेवा), गाळ बोटावर चोळा, पारदर्शक बाटलीत गरम पाण्यात हलवून ठेवून द्या. ऑइल असलं तर बोट नुसत्या पाण्यानं धुतलं जात नाही अन् थोड्या वेळानं वर तवंग दिसतो.

आता डिपस्टिक (इंजिन ऑइल बघायची पट्टी) काढा. माझ्या मते सगळ्यात जास्त इथंच कळतं. पाण्यात ऑइल आहे पण इंजिन ऑइल स्वच्छ काळं आहे, दुधाळ नाही, तर पहिला संशय ऑइल कूलरवर (रेडिएटरच्या पाण्यानं इंजिन ऑइल थंड करणारा भाग) घ्या. कारण साधं आहे, चालू इंजिनमधे ऑइलचं प्रेशर साधारण ३० ते ६० पीएसआय असतं अन् पाण्याचं १५ च्या आसपास, त्यामुळं कूलर आतून फुटला किंवा त्याचं सील गेलं की ऑइलच पाण्यात ढकललं जातं, पाणी ऑइलमधे सहसा येत नाही. गाडी बंद केल्यावर मात्र ऑइलचं प्रेशर लगेच उतरतं अन् गरम पाण्याचं काही वेळ टिकतं, तेव्हा थोडं पाणी उलटं जाऊ शकतं, म्हणून डिपस्टिक रोज बघायची. अन् पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळी मलई साचते, ती नुसती वाफ असते, तेवढ्यावरून घाबरू नका.

हेड गॅस्केट गेलं असलं तर सहसा अजून खुणा सापडतात. थंड गाडी सुरू केल्या केल्या वरचा होजपाइप दगडासारखा कडक होतो, पाण्यात सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, पाणी बाहेर कुठं गळत नसताना कमी होतं. तरी शंका राहिली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडावर लावायचं निळ्या लिक्विडचं टेस्टर पण मिळतं, जळालेला गॅस पाण्यात येत असला की ते पिवळं पडतं, डिझेलमधे रंग जरा कमी बदलतो.

यातलं काहीच दिसलं नाही तर कूलर काढून घ्या. ऑइलच्या बाजूचं एक भोक बंद करायचं, दुसऱ्यातून टायरला भरतो तेवढी हवा द्यायची अन् कोमट पाण्यात बुडवायचं, बारीक चीर गरम झाल्यावरच उघडते म्हणून कोमट. दाजींच्या कूलरमधून बुडबुड्यांची सरळ रेघ निघाली. हेडला हात लावावा लागला नाही!

ऑटोमॅटिक गाडी असली अन् गाळ गुलाबी दिसला तर गिअरचं ऑइल रेडिएटरमधल्या कूलरमधून यायलंय, तिथं गाडी अजिबात चालवू नका, कारण पाणी गिअरबॉक्समधे गेलं की क्लचच्या प्लेटा खराब होतात.

पार्ट बदलून काम संपत नाही. थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून कमी फेसाच्या क्लीनरनं दोन-तीनदा धुवा अन् नुसत्या पाण्यानं खळखळून काढा. ऑइलनं फुगलेले, मऊ पडलेले होजपाइप बदलाच, नाहीतर ते उन्हाळ्यात रस्त्यात फुटतात. शेवटी बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी अन् कूलंट अर्धं-अर्धं. त्यानंतरही काही दिवस कूलंटच्या डब्यात थोडा तवंग दिसतो, तो कानाकोपऱ्यात राहिलेला जुना असतो, तो टिपून घेत राहा, वाढायला लागला तरच परत खोला.