घरच्या स्विमिंग पूलच्या खोल बाजूला शिडी हवी का? आम्ही कसं ठरवलं

शिडी बसवायची की नाही, हे काठाचं काँक्रीट पडायच्या आधी ठरवावं लागतं. शिडीचे दोन्ही पाय ज्या सॉकेटमध्ये उतरतात ती काँक्रीटमध्येच पुरलेली असतात. मागाहून बसवायची म्हटलं तर लाद्या फोडा, काठ कोरा, पुन्हा भरा, आणि धातूची शिडी असेल तर खालच्या सळ्यांपर्यंत तार न्या. त्यामुळे आमचा पूल अजून खड्डा आणि सळ्यांची जाळी एवढाच होता, तेव्हाच हा विषय निघाला.

आमच्या उथळ बाजूला साडेतीन फूट पाणी आणि तिथे रुंद पायऱ्या. दुसऱ्या टोकाला साडेसात फूट. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, पायऱ्या आहेत ना. पोहत यायचं आणि चढायचं. शिडीत सफाईचा रोबो अडकतो, पायऱ्यांच्या मागे शेवाळ धरतं, आणि दिसायलाही ती मध्येच येते." यातलं काहीच खोटं नव्हतं. नवराही त्याच मताचा. तो काठावर दोन्ही हात टेकतो आणि एका झटक्यात वर येतो. मला मात्र सासूबाई दिसत होत्या. त्या छान पोहतात, पण एक खांदा आखडलेला आहे. आणि दोन मुलं, ज्यांना पोहता येतं म्हणजे नेमकं किती येतं हे रोज बदलतं.

वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही ओळखीच्यांच्या पूलवर गेलो आणि खोल भागातून शिडीला हात न लावता प्रत्येकाने बाहेर यायचं असं ठरवलं. अट एकच: आधी दमेपर्यंत पोहायचं. ताज्या अंगाने काठ चढणं फार काही सांगत नाही. शिडी लागते ती दम गेल्यावर, पोटरीत गोळा आल्यावर, नाकातोंडात पाणी गेल्यावर.

नवरा आला वर, पण नेहमीसारखा नाही. मी पहिल्यांदा छातीपर्यंत आले आणि कोपर सरकलं. मुलाने पोट काठावर टाकून, गुडघे खरवडून कसंबसं जमवलं. मुलीला जमलंच नाही. सासूबाईंनी प्रयत्नच केला नाही. काठ धरून हात सरकवत त्या उथळ बाजूला गेल्या. हाही एक मार्ग आहे, आणि मुलांना तो शिकवायलाच हवा. पण त्यासाठी काठाच्या दगडाला बोटं अडकतील अशी कड पाहिजे, आणि तेवढा वेळ लटकून राहायला हातात जोर पाहिजे.

असं का होतं हे समजल्यावर माझं मत पक्कं झालं. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा येतो. कमरेपर्यंत पाणी असेल तर जवळजवळ निम्मा. म्हणजे खोल भागातून काठावर चढताना सुरुवातीला काहीच जड वाटत नाही, आणि जसजसं अंग बाहेर येतं तसतसं पाण्याने पेललेलं वजन हातांवर येत जातं. त्यात पाण्याची पातळी काठापेक्षा पाच-सहा इंच खाली. पायाखाली टेकायला काही नाही, भिंत गुळगुळीत. सगळी भिस्त खांदे आणि मनगटांवर. शिडीची एक पायरी मिळाली की तेच वजन मांड्या उचलतात, आणि थकलेल्या माणसाच्याही मांड्यांत हातांपेक्षा पुष्कळ जोर शिल्लक असतो. सासूबाई तिथल्या शिडीवरून एका हाताने कठडा धरून सहज वर आल्या. नवऱ्याने ते पाहिलं, आणि त्यानंतर तो विरोधात बोलला नाही.

बऱ्याच ठिकाणच्या नियमांत पाच फुटांहून खोल भागाला बाहेर पडायची वेगळी सोय मागितलेली असते. ती शिडीच असावी असं नाही. भिंतीत कोरलेल्या पायऱ्या किंवा कोपऱ्यात पाण्याखाली बांधलेला बाकही चालतो. तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघावा. पण नियम नसता तरी त्या दिवसानंतर मी काहीतरी बसवल्याशिवाय राहिले नसते.

काय बसवायचं, यावर मात्र बराच खल झाला. कोपऱ्यातला बाक दिसायला सर्वांत सुरेख. रोबोला अडथळा नाही, गंजायचा प्रश्न नाही, दमलं की बसताही येतं. कुत्रा असलेल्या घराने तर नीट चढता येईल असा बाक किंवा पायऱ्याच कराव्यात, कारण उभी शिडी कुत्र्याला चढता येत नाही. आम्ही तो सोडला तो मुलीमुळे. पोहायला नुकतं शिकलेलं मूल बाकावर उभं राहतं, पाणी कमरेएवढं आहे असं समजतं आणि पुढचं पाऊल साडेसात फुटांत टाकतं. मुलं मोठी असती तर मी बाकच निवडला असता. भिंतीतल्या खाचांच्या पायऱ्या पायाने चाचपून शोधाव्या लागतात. सासूबाईंना ते जमेना. शिवाय प्रत्येक खाचेत वॉटरप्रूफिंग जपून करावं लागतं.

मग शिडीच. पण ती कुठे? ठेकेदाराने नकाशात ती अगदी टोकाच्या भिंतीच्या मधोमध काढली होती. आम्ही बाजूच्या लांब भिंतीवर आणली, तळाचा उतार संपून पूर्ण खोली सुरू होते तिथून थोडी पुढे. खोल भागात कुठेही असलात तरी ती जवळ पडते, आणि फेऱ्या मारणाऱ्याच्या वळण्याच्या जागेत येत नाही.

धातूबद्दल मी हट्ट धरला आणि तो धरायलाच हवा होता. आमचं क्लोरीन मिठापासून तयार होतं. अशा पाण्यात 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडण्याचा धोका जास्त. 316 मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते मिठातल्या क्लोराइडपुढे अधिक टिकतं. तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं लागतं.

दुसरी गोष्ट विजेची, आणि तिच्यात तडजोड नको. धातूची शिडी, सॉकेट्स, काँक्रीटमधल्या सळ्या, पंपाचा सांगाडा हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेलं असावं लागतं. कुठे दोष निर्माण झाला तरी शिडीला धरलेला हात आणि पाण्यातलं अंग यांच्यात विजेच्या दाबाचा फरक राहू नये, यासाठी ती जोडणी. नुसतं पंपाला अर्थिंग केलं म्हणजे हे काम होत नाही. काँक्रीट पडायच्या आधी मी पूलचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहिला.

पायरी आणि भिंत यांच्यातल्या फटीकडे फार कमी लोक बघतात. ती साधारण तीन ते सहा इंच असावी लागते. कमी असली तर पाऊल नीट टेकत नाही. जास्त असली तर लहान मूल शिडीच्या मागून जायला बघतं आणि अडकतं. शिडीच्या खालच्या टोकाला भिंतीवर टेकणारी रबरी टोपणंही याच कामाची आहेत. ती झिजली की शिडी डुगडुगते आणि ही फट बदलते. मुलांना आम्ही सक्त ताकीद दिली आहे: शिडीच्या मागे हात, पाय, डोकं काही घालायचं नाही, आणि वर कोणी चढत असताना खाली थांबायचं नाही.

शिडीची मर्यादाही मी घरात सर्वांना सांगितली. बेशुद्ध माणसाला उभ्या शिडीवरून वर काढणं अतिशय अवघड असतं. त्याला तरंगत ठेवून उथळ पायऱ्यांकडे आणणं बहुतेक वेळा सोपं जातं. आणि बुडणारं माणूस बहुतेकदा हाक मारत नाही. म्हणून कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक आणि मुलं पाण्यात असताना काठावर बसलेलं मोठं माणूस, यांतलं काहीही शिडी आली म्हणून कमी केलेलं नाही.

पूलवर झाकण ओढायचं असल्यामुळे आम्ही शिडी काढता येईल अशी घेतली. ती काढली की सॉकेट्सवर टोपणं लावायची, नाहीतर अनवाणी पायाचं बोट आत जातं. परत बसवल्यावर दोन्ही बोल्ट घट्ट करून, कठड्याला जोर लावून हलवून बघायचं, आणि मगच कोणाला पाण्यात सोडायचं.