सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये सुरू केलं: संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की ८.३० पर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. आपल्या गावात करायचं तर आधी ग्रामसभेचा ठराव, मग भोंगा. सुरुवातीला अंगणवाडीसेविका, आशाताई, निवृत्त गुरुजी यांनी घरोघरी फेरी मारायलाच हवी. नाहीतर भोंगा नुसता बोंबलतो.

घोळ घालतात मोठी माणसंच. बाबा मॅच लावून बसले तर पोरगं वहीत डोकं घालेल कशाला? त्यात शाळाच गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते आणि तो उतरवून घ्यायला घेतलेला फोन तासभर हातातून सुटत नाही. मुख्याध्यापकांशी आधीच बोला: गृहपाठ फळ्यावर, शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं, वहीत उतरवून. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, रिंग चालू, नेट बंद. अडीनडीचा कॉल तेवढा घ्यायचा.