आधी भिंत सुकू द्या: बाळाच्या खोलीतल्या चित्रांचा माझा अनुभव

बाळाच्या खोलीत भिंतीवर चित्रं काढायची म्हटलं की जो तो रंगांबद्दल आणि डिझाइनबद्दल बोलतो. ओल्या भिंतीबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या बेळगावात तरी बोलायला पाहिजे. इथं जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून येणारा पाऊस भिंतींना झोडपत असतो, जुलैत कपाटातल्या धुतलेल्या कपड्यांनासुद्धा वास येतो. तरी रंगकाम करणारा माणूस घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणतो, "काय होत नाही सर, पुट्टी मारली की सगळं झाकतंय." पुट्टी म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायचा पांढरा लेप. ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसलो.

बायको बाळंतपणाला माहेरी, निपाणीला गेली होती. मुलगी तिथंच झाली. दिवाळी झाली की दोघी घरी येणार आणि तोवर मागची खोली तयार ठेवायची, हे काम माझ्याकडे होतं. घर वडगावातलं, वडिलांनी बांधलेलं, विटांचं. त्या खोलीची सगळ्यात मोठी सलग भिंत पश्चिमेची आणि चित्र काढायचं होतं ते तिच्यावरच.

चित्र काय काढायचं हे लगेच ठरलं. कार्टून नको होतं. खानापूर तालुक्यातलं भीमगडचं जंगल डोक्यात होतं. 2011 मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं, पण आमच्याकडच्या कितीतरी मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. म्हणून शेकरू, धनेश, बांबूची बेटं आणि खालच्या बाजूला कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, असं कागदावर काढून ठेवलं. तिथल्याच बारापेडेच्या गुहेतलं एक दुर्मिळ वटवाघूळही मला हवं होतं. आई म्हणाली, "लेकराच्या खोलीत वटवाघूळ काढतोस काय गा?" ते राहिलं. आईला अ-आ-इ हवं होतं, शेजारच्या अक्का म्हणाल्या कन्नड अक्षरंही काढा, इथंच वाढायची आहे ती. मी दाराजवळ खाली एक पट्टा मोकळा सोडला. तीन-चार वर्षांची झाली की तिथं फळ्याचा रंग देऊ आणि तिला हवी ती अक्षरं तिनंच खडूनं लिहावीत. रांगत्या बाळाजवळ खडूची भुकटी मला नको होती.

आता भिंतीकडे येतो.

ठेकेदार ओळखीतूनच आला. गणपतीच्या आत खोली देतो म्हणाला, आगाऊ पैसे घेतले. पहिल्या दिवशी जुना रंग खरवडायला लागले आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलाव्यावर मिठासारखी पांढरी पूड दिसायला लागली. हात लावला तर भिंत गार. विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. ती ही पूड. म्हणजे आतून पाणी येतच होतं. वरून कितीही गुळगुळीत केलं तरी ते क्षार पुट्टीला मागून ढकलणार आणि पोपडे येणार.

मी म्हटलं, ओल आहे. तो म्हणाला, पावसात सगळ्यांच्याच घरात असतेय. मी म्हटलं, थांबूया. तो म्हणाला, थांबून काय करताय, माझी माणसं रिकामी बसतील.

इथं एक सोपी परीक्षा सांगतो, कुणाच्याही शब्दावर विसंबायला लागत नाही. दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, भिंतीवर लावून चारी कडा टेपनं घट्ट बंद करा आणि 24 तास तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले किंवा मागची भिंत काळपट दिसली, तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब फक्त बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी आहे, मग खिडकी आणि पंखा हा उपाय. माझ्याकडे आतल्या बाजूला थेंब अगदी ओघळत होते. ठेकेदाराला बोलावून दाखवले. त्यानं बघितलं आणि परत तेच, "काय होत नाही."

मी पुट्टी लावू दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायची बंद झाली. फोन केला की "उद्या येतो". गणपती आले, गेले. उद्या काही आला नाही. खोलीत खरवडलेल्या रंगाचा ढीग, उघडी भिंत, आणि घरातल्यांच्या नजरेत मी काम अडवून बसलेला माणूस. निपाणीहून सासूबाईंचा फोन, "जावईबापू, खोली झाली का?" बारशाला गेलो तर तिथंही चार जणांनी हेच विचारलं. एका नातेवाइकानं सुचवलं की आतून वॉटरप्रूफचा एक कोट मारून टाक, कशाला एवढा घोळ. दुसरा ठेकेदार बघायला आला, त्यानंही तेच सांगितलं आणि पहिल्यापेक्षा जास्त दर सांगितला. पण पाणी बाहेरून येत असताना आतून दार बंद करून उपयोग काय? ते भिंतीतच कोंडतं, आणि क्षार तो कोटसुद्धा उचलतात.

शेवटी मी स्वतः बाहेरून भिंत बघितली. खिडकीच्या छज्जाखाली गिलाव्याला आडवी भेग, आणि छज्जावर पाणी साचून मागं भिंतीकडेच वळत होतं. कारण एवढंच होतं. ते बघायला ठेकेदारांपैकी कुणी घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेलं नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. बाळाच्या खोलीचं काम आहे म्हणून सांगितलं होतं. रात्रंदिवस ते लेकरू त्या ओलीत श्वास घेणार होतं. ओल्या भिंतीला बुरशी येते आणि लहान मुलांना ती बाधते, हे काय सांगायला पाहिजे?

पाऊस थांबेपर्यंत बाहेरचं काम होणार नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस पुन्हा आला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. मग चांगलं ऊन पडलं आणि गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांनी परांची बांधून भेग उकरली, भरली, छज्जाला उतार काढला. आतला क्षार धरलेला गिलावा विटांपर्यंत काढून नवा केला. कोरडी पूड कोरड्या ब्रशनंच झाडायची, पाण्यानं धुतली की क्षार परत आत जातात, हे त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, "आता महिनाभर भिंतीला हात लावू नका." नव्या सिमेंटच्या गिलाव्याला साधारण 28 दिवस द्यायचे असतात. घाई केली तर त्यातल्या अल्कलीनं, म्हणजे सिमेंटच्या तिखट क्षारानं, रंग उडतो, डाग पडतात. मी 28 च्याही वर दिवस दिले. दिवाळी झाली. बायकोला फोन करून सांगितलं की अजून थोडे दिवस तिकडंच राहा. ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि तिचा तो विश्वास मला फार मोठा वाटला. परत प्लॅस्टिक लावलं. आतली बाजू कोरडी ठणठणीत. त्या सकाळी मला झालेला आनंद पुढं चित्र पूर्ण झाल्यावरही झाला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. अल्कली सोसणारा प्रायमर, पुट्टी, पांढऱ्या इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगाचे, दोन हात. मग खडूची भुकटी लावलेल्या दोऱ्यानं सूत मारून भिंतीवर एक-एक फुटाच्या चौकटी पाडल्या. कागदावरच्या चित्रावर एक-एक इंचाच्या चौकटी होत्याच. एका चौकटीत जे दिसतं तेवढंच भिंतीवरच्या तिच्या जोडीच्या चौकटीत उतरवायचं. शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलेली ही पद्धत, प्रोजेक्टर लागत नाही. रेघा खडूनंच मारा. पेन्सिलची काळी रेघ फिक्या रंगातून वर दिसत राहते. मोठ्या जागांना इमल्शन वापरा, पिसं-डोळे वगैरेंना ॲक्रिलिकच्या लहान बाटल्या. खडेबाजारात दोन्ही मिळालं. पांढऱ्यात स्टेनर, म्हणजे छटा आणायचा घट्ट रंग, घालून गडद रंग करायला जाऊ नका, जास्त झाला तर हाताला लागत राहतो. शेकरूची तपकिरी मी दुकानातल्या मशीनवरच करून घेतली.

विसरायच्या आधी सांगतो, हे खरं तर सगळ्यात वर यायला पाहिजे होतं. जुना रंग खरवडायचा असेल तर गरोदर बाई आणि लहान मूल त्या घरात नको. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात, विशेषतः खिडक्या-दारांच्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता बरीच. आमच्या खिडकीला तसला जुना हिरवा होता. कोरडा घासायचा नाही, पाणी मारत वॉटर पेपरनं घासायचा आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. बायको निपाणीत होती ते बरं झालं.

बायकोला थोडे स्टिकरही हवे होते. डिस्टेंपरवर ते धरत नाहीत, काढताना पापुद्रा घेऊन येतात. इमल्शनवर धरतात, पण नवा रंग असेल तर तीन-चार आठवडे थांबा. आणि मुलाच्या हाताला लागतील एवढ्या खाली लहान तुकडे नकोत, निघाले की तोंडात जातात. पाळण्याच्या वर काचेची फ्रेम अजिबात टांगू नका. कपाट भिंतीला स्क्रूनं आवळा, मूल धरून उभं राहायला लागलं की ते ओढतं.

चित्र किती उंचीवर हेही ठरवावं लागतं. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचं तेवढं स्पष्ट दिसतं, भिंतीवरचा धनेश त्याला पहिल्या महिन्यात कळणार नाही. म्हणून मी नदी आणि मासे फरशीपासून दोन फुटांच्या आत घेतले, ते रांगायला लागल्यावरचे. शेकरू वर, ते उभं राहिल्यावरचं. आता मुलगी माशांपाशी बसून भिंतीवर थापट्या मारते.

पैशांचं सांगायचं तर ठेकेदाराला टप्प्याटप्प्यानं द्या: खरवडणं झालं की थोडे, प्रायमरनंतर थोडे. शेवटचा हप्ता काम संपून आठवडा गेल्यावर. माझे आगाऊ दिलेले अजून परत आलेले नाहीत, आणि मी ते मागायचं सोडलेलं नाही.

रंग वासाचा नसला तरी बाळ येण्याआधी खोली खिडक्या उघड्या ठेवून नीट हवेशीर होऊ द्या. यंदाचा पावसाळा गेला, पश्चिमेची भिंत कोरडी आहे. जुलैत मी मुद्दाम प्लॅस्टिक लावून बघितलं. दुकानातून मशीनवर रंग करून घेतलात तर झाकणावरच्या रंगाच्या नंबराच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. थापट्यांनी मासे झिजायला लागलेत, तो नंबर मला पुढच्या महिन्यात लागणार आहे.